शब्दावर चालणारं जाळं

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डं जगभरातल्या एटीएममध्ये घातली जात होती आणि मशीनं पैसे देत होती. काही तासांत २८ देशांतून मिळून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, देशातल्या एटीएममधून सुमारे अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ तारखेला, बँकांच्या आपसातल्या निरोपांच्या स्विफ्ट ह्या यंत्रणेच्या वाटेनं आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम.

‘सर्व्हर हॅक झाला’ एवढं म्हणून आपण अशा बातमीवरून पुढं जातो. पण ज्याला सायबर सुरक्षेचं काम शिकायचं आहे त्यानं इथंच थांबावं, कारण ह्या घटनेत खरं काय मोडलं हे समजून घेणं म्हणजे अर्धा विषय समजून घेणं आहे. एटीएम स्वतः काही ठरवत नाही. कार्ड घातलं की ते ठरावीक साच्यातला एक निरोप पाठवतं: कार्ड अमुक, रक्कम तमुक, द्यायची का? आयएसओ ८५८३ हे त्या साच्याचं नाव. विचारणाऱ्या निरोपावर ०२०० असा क्रमांक असतो, उत्तरावर ०२१०. मधला स्विच हा निरोप बँकेच्या कोअर बँकिंगकडे पोचवतो, तिथं खातं आणि शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार उलट्या वाटेनं परत येतो. बँकेनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे चोरट्यांनी मध्ये एक खोटा, प्रॉक्सी स्विच उभा केला होता. त्या विचारणा खऱ्या यंत्रणेपर्यंत गेल्याच नाहीत; खोटा स्विच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. उत्तराचा साचा बरोबर होता, येण्याची दिशाही बरोबर होती. पलीकडच्या मशीनच्या दृष्टीनं बँकच बोलत होती.

नेटवर्क प्रोटोकॉलचा अभ्यास कसा करावा, काय वाचावं, कुठून सुरुवात करावी, असं विचारणारी मुलंमुली मला गेली काही वर्षं सतत भेटतात. मी हाच विषय शिकवतो. त्यांच्या हातात बहुतेक वेळा हत्यारांची यादी असते आणि परीक्षांची नावं असतात. मला त्यांना आधी एकच प्रश्न द्यावासा वाटतो, जो प्रत्येक प्रोटोकॉलला विचारायचा: इथं कोण कुणाचा शब्द खरा मानतंय, आणि कशाच्या आधारावर? ह्या क्षेत्रातले मोठे हल्ले, मोठे बिघाड आणि मोठ्या दुरुस्त्या ह्या एका प्रश्नाच्या दोऱ्यात ओवता येतात. ते ओवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

इंटरनेटच्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तो कोण लिहितं? पाठवणाराच. आयपी प्रोटोकॉलचं जे मूळ दस्तऐवज आहे, १९८१ सालचं आरएफसी ७९१, त्यात हा पत्ता खरा आहे की खोटा हे पाहण्याची कुठलीही तरतूद नाही. वाटेतले राउटर पॅकेट कुठं जायचं एवढंच बघतात. कुठून आलं म्हणतंय हे बघणं त्यांचं काम नव्हतं. पॅकेटच्या सुरुवातीच्या वीस बाइटांच्या मथळ्यातले सगळे खाने मुलं पाठ करतात. पण ‘सोर्स’ ह्या खान्यासमोर ‘पाठवणाऱ्याचा दावा’ असं लिहून ठेवणारा विद्यार्थी मला क्वचित दिसतो. तसं लिहून ठेवलं तर पुढचं बरंच सोपं होतं.

हा भाबडेपणा होता का? मला तसं वाटत नाही. २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवर पहिला निरोप गेला तेव्हा दोन टोकांना दोन संशोधन संस्था होत्या आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना फोनवर विचारत होती, अक्षर पोचलं का म्हणून. फाइल पाठवण्याच्या एफटीपी प्रोटोकॉलचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी; त्या काळी जाळ्यावरची ठिकाणं बोटांवर मोजता येण्याजोगी होती. सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एका फाइलीत असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एका कार्यालयातून उतरवून घ्यायची असे. १ जानेवारी १९८३ ला सगळं जाळं टीसीपी-आयपीवर आलं. ह्या माणसांपुढचा प्रश्न होता तो तुटक्या, बेभरवशाच्या तारांतून निरोप पोचवायचा कसा. माणूस बेभरवशाचा असेल, हा प्रश्न तेव्हा दारात आलेला नव्हता. लहान गावात दाराला कडी नसते आणि त्यात कुणाची चूक नसते. गाव वाढलं, दारं तशीच राहिली.

सर्वांत उघडं दार अगदी घरात असतं. १९८२ चा एआरपी हा प्रोटोकॉल पाहा. एकाच नेटवर्कवरच्या यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं असतं, आयपी पत्ता माहीत असतो, पण तारेवरचा पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, माहीत नसतो. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाळी देतं: १९२.१६८.१.१ कोण आहे? आणि जो कुणी ‘मी’ म्हणेल त्याचं ते ऐकतं. पुरावा मागत नाही. बऱ्याच यंत्रणा तर न विचारता आलेलं उत्तरसुद्धा नोंदवून घेतात. त्याच वायफायवर बसलेला तिसरा कुणी ‘राउटर मीच’ असं सांगत राहिला, तर सगळ्यांची रहदारी त्याच्या हातातून जायला लागते. वर्गात मी हे बंद नेटवर्कवर करून दाखवतो. आधी मुलं एआरपीची तक्ती उघडून राउटरसमोरचा मॅक पत्ता वहीत लिहून घेतात, आणि मिनिटभरानं तीच तक्ती पुन्हा उघडली की तिथं शेजारच्या बाकावरच्या लॅपटॉपचा पत्ता बसलेला असतो. त्या क्षणी वर्ग गप्प होतो. पुस्तकातली दहा पानं जे करू शकत नाहीत ते त्या बारा अक्षरांच्या बदलानं होतं.

ह्याचंच भावंड म्हणजे डीएचसीपी. नव्या यंत्राला पत्ता वाटणारा हा प्रोटोकॉल. एकदा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निम्मे संगणक अचानक बंद पडल्यासारखे झाले. तार ठीक, दिवे लुकलुकताहेत, पण इंटरनेट नाही. दोन तास आम्ही केबली बदलत होतो. शेवटी एका मुलीनं पॅकेट पकडून पाहिली आणि म्हणाली, ‘सर, इथं दोन जण पत्ते वाटतायत.’ कुणीतरी घरचा जुना राउटर जास्तीचे पोर्ट मिळावेत म्हणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता. ज्या संगणकांना त्याचं उत्तर आधी मिळालं ते त्याचे झाले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण जे चुकून घडलं तेच मुद्दाम करता येतं, आणि तेव्हा तो खोटा वाटप्या पत्त्याबरोबर ‘नावं ह्या सर्व्हरला विचारत जा’ असंही सांगतो. चांगल्या नेटवर्क-स्विचमध्ये ह्या दोन्ही गोष्टींवर पहारा ठेवण्याची सोय वर्षानुवर्षं आहे, डीएचसीपी स्नूपिंग आणि एआरपी तपासणी. ती चालू केलेली फार थोड्या ठिकाणी मी पाहिली. मला ह्याचा खरोखर त्रास होतो, कारण त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

टीसीपीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि शिकायला अधिक मोलाची. इथं दोन्ही बाजू आधी हात मिळवतात: एक जण सिन पाठवतो, दुसरा सिन-अॅक, पहिला पुन्हा अॅक. प्रत्येक बाजू आपला एक आरंभीचा क्रमांक सांगते, बत्तीस बिटांचा. खोटा पत्ता लिहून कुणी सिन पाठवला तर उत्तर त्या खोट्या पत्त्यावर जाईल, पाठवणाऱ्याला क्रमांक कळणारच नाही, आणि तिसरं पाऊल त्याला टाकता येणार नाही. म्हणजे नकळत एक छोटी ओळखपरेड झाली. पण तो क्रमांक आधीच ओळखता आला तर? रॉबर्ट टी. मॉरिस यांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं: त्या वेळच्या युनिक्समध्ये हे क्रमांक ठरावीक टप्प्यानं वाढत होते. स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ मध्ये टीसीपी-आयपी कुळातल्या अशा दोषांवर एक निबंध लिहिला. जे दोष प्रोग्रामरच्या चुकीनं नाही तर प्रोटोकॉलच्या घडणीतच आहेत त्यांवर. आजही तो वाचायला मी प्रत्येकाला सांगतो. इशारा मिळून नऊ वर्षं झाल्यावर, १९९४ च्या नाताळात, ह्याच पद्धतीनं सुरक्षा संशोधक त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकात शिरकाव झाला आणि त्यातून हॅकर केव्हिन मिटनिकचा पाठलाग सुरू झाला. कळलेला दोष दुरुस्त व्हायला एवढा काळ का लागतो, हा प्रश्न तंत्राच्या बाहेरचा वाटतो, पण सुरक्षेच्या नोकरीत रोज समोर येतो.

त्याच हात मिळवण्यात आणखी एक खोच होती. सिन आला की सर्व्हर अर्धवट ओळख स्मरणात ठेवून तिसऱ्या पावलाची वाट बघतो. ती जागा मर्यादित असते. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स ह्या इंटरनेट सेवेवर खोट्या पत्त्यांवरून सिनचा मारा झाला आणि ती आडवी पडली. त्यावर निघालेला उपाय मला ह्या साऱ्या विषयातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो: सिन कुकी. सर्व्हरनं काहीच लक्षात ठेवायचं नाही. जे लक्षात ठेवायचं तेच गणितानं घोटून आपल्या आरंभीच्या क्रमांकात घालायचं आणि समोरच्याला देऊन टाकायचं. तो खरा असेल तर तिसऱ्या पावलात तोच क्रमांक एकानं वाढवून परत आणेल, आणि त्यावरून सर्व्हर सगळं पुन्हा जुळवेल. टोकन देऊन चपला सांभाळण्याच्या ऐवजी चपलेवरच खूण करून ती परत हातात द्यावी तसं. प्रोटोकॉलचा एक शब्दही न बदलता हे साधलं. प्रोटोकॉल खोलवर समजलेला माणूस काय करू शकतो ह्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

नावांचा कारभार म्हणजे डीएनएस. ती एक फाइल पुरेनाशी झाली म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही वाटून दिलेली नामावली रचली. प्रश्न जातो, उत्तर येतं, आणि उत्तर आपल्याच प्रश्नाचं आहे हे ओळखायला सोळा बिटांचा एक क्रमांक असतो. म्हणजे ६५,५३६ शक्यता. हल्लेखोरानं खऱ्या उत्तराच्या आधी नेमका क्रमांक टाकलेलं खोटं उत्तर पोचवलं तर ते खरं मानलं जाणार. पण चुकलं, तर खरं उत्तर साठवलं जातं आणि पुढची संधी मिळायला त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं; ह्या थांबण्यावर सगळ्यांची भिस्त होती. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांच्या लक्षात आलं की थांबायची गरजच नाही. एकाच संस्थेखालची, अस्तित्वात नसलेली नावं विचारत राहायची, दर वेळी नवं नाव, म्हणजे दर वेळी नवी संधी. आणि खोट्या उत्तरात ‘ह्या साऱ्या संस्थेचा नामसर्व्हर अमुक पत्त्यावर आहे’ असंही चिकटवून द्यायचं. एक जरी लागलं तरी सगळी संस्था हातात. त्यांनी ते जगजाहीर करण्याआधी कंपन्यांना गुपचूप सांगितलं आणि ८ जुलै २००८ ला अनेकांनी एकाच दिवशी दुरुस्ती काढली: प्रश्न ज्या पोर्टवरून जातो तोही दर वेळी बदलायचा, म्हणजे अंदाज बांधायला आणखी हजारो पट कठीण. हा मलम होता. खरा इलाज, उत्तरावर सही असणारा डीएनएससेक, अजून सगळीकडे पोचलेला नाही.

डीएनएसबद्दल आणखी एक गोष्ट पहारेकऱ्याला ठाऊक हवी. कार्यालयाची फायरवॉल बाकी सगळं अडवते, पण नाव विचारू देते, कारण त्याशिवाय काहीच चालत नाही. म्हणून चोर त्याच दारानं बोलतात. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात सुमारे १८,००० ग्राहकांनी बाधित अद्ययावत प्रत उतरवली होती, आणि आत बसलेलं ते सॉफ्टवेअर आपण कुठल्या संस्थेत आहोत हे एका लांबलचक विचित्र नावाच्या रूपात डीएनएसलाच विचारायचं. पुढं काय करायचं ते उत्तरातून कळायचं. कुठल्याही पहारेकऱ्याच्या पडद्यावर ती एक साधी नावाची चौकशी होती.

बीजीपी हा मोठ्या नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायचा प्रोटोकॉल; त्यावर मी जास्त थांबत नाही, तो बहुतेकांच्या रोजच्या हातात येत नाही. पण २४ फेब्रुवारी २००८ माहीत असावा. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब आपल्या देशापुरतं बंद करायचं होतं, त्यासाठी ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे’ अशी घोषणा त्यांनी आत केली, ती वरच्या सेवादात्यामार्फत जगात गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा मोठ्या पट्ट्याची होती, ही लहान पट्ट्याची, आणि राउटर नेहमी अधिक नेमक्या घोषणेचं ऐकतात. सुमारे दोन तास जगाचं यूट्यूब इस्लामाबादच्या दिशेनं गेलं आणि तिथं हरवलं. पुन्हा तेच: जो म्हणाला त्याचं ऐकलं.

ह्या सगळ्यावर कूटलेखन हा उतारा आहे, असं मुलं लगेच म्हणतात. काही अंशी आहे. दूरच्या संगणकात शिरायच्या जुन्या टेलनेटवर पासवर्ड उघडा जात असे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपले, त्यातून १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. वेबवरचं बोलणं झाकणाऱ्या प्रोटोकॉलचा, नेटस्केपच्या एसएसएलपासून २०१८ च्या टीएलएस १.३ पर्यंतचा, प्रवास म्हणजे जुन्या सवलती एकेक करून काढून टाकण्याचा प्रवास आहे, आणि तो ह्याच दृष्टीनं वाचावा. पण ब्राउझरमधलं कुलूप काय सांगतं ते नेमकं समजून घ्यायला हवं. वरच्या पट्टीत जे नाव दिसतंय त्याच नावाच्या मालकाशी तुम्ही बोलताय आणि मधल्या कुणाला ऐकू येत नाही, एवढंच. तो मालक भला माणूस आहे असं ते कुलूप कधीच म्हणत नाही. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा फसवा मेसेज पाठवणाऱ्याच्या संकेतस्थळालाही कुलूप असतं, कारण त्या नावाचं प्रमाणपत्र त्यालाही रीतसर मिळतं. ‘कुलूप बघा आणि निर्धास्त राहा’ हा सल्ला आपण लोकांना बरीच वर्षं दिला. तो मागे घ्यायला हवा होता, तो नीट मागे घेतला गेला नाही, आणि ह्याची किंमत आपल्याच घरातल्या ज्येष्ठांनी मोजली आहे.

आणि कूटलेखनाचं सॉफ्टवेअरही माणसंच लिहितात. एप्रिल २०१४ मधला हार्टब्लीड दोष विद्यार्थ्यांना समजावायला फार चांगला. दोन टोकं जागी आहेत ना हे बघायला एक छोटा निरोप असतो: हा शब्द परत पाठव, त्याची लांबी इतकी. हल्लेखोर शब्द पाठवायचा एका अक्षराचा आणि लांबी सांगायचा चौसष्ट हजाराची. ओपनएसएसएल ह्या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरनं शब्द मोजला नाही, सांगितलेली लांबी खरी धरली, आणि स्मरणात त्या अक्षराच्या पुढं जे काही पडलं होतं ते उचलून पाठवलं. त्यात पासवर्ड असत, कधी खासगी किल्ल्याही. इथं प्रोटोकॉल बरोबर होता, लिहिणारा चुकला. हा फरक करता येणं महत्त्वाचं: दोष घडणीत आहे, लिखाणात आहे की वापरणाऱ्याच्या मांडणीत? तिन्हींचे इलाज वेगळे, आणि जबाबदार माणसंही वेगळी.

मांडणीच्या दोषासाठी २०१७ आठवावं. विंडोजच्या फाइल-वाटपाचा एसएमबी प्रोटोकॉल, पोर्ट ४४५. त्यातल्या एका दोषाची दुरुस्ती १४ मार्चला निघाली होती. १२ मेला वॉनाक्राय हा संगणक ओलीस धरणारा किडा आला, तरीही लाखो यंत्रं उघडी होती. २७ जूनला तसाच नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क ह्या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट न्हावा-शेव्याला जेएनपीटीच्या एका टर्मिनलवर पोचला. कंटेनरचं काम अडलं. नॉटपेट्या फक्त तो एक दोष वापरत नव्हता. एका यंत्राच्या स्मरणातून व्यवस्थापकाचे पासवर्ड उचलून तो शेजारच्या दुरुस्त केलेल्या यंत्रातही रीतसर दार उघडून जात होता. ‘आतला म्हणजे आपला’ हा विश्वास त्यानं वापरला. हिशेबाचा संगणक, क्रेनचा संगणक आणि पाहुण्यांचं वायफाय हे सगळं एका सपाट नेटवर्कवर ठेवायचं, ही सवय आपल्याकडच्या लहान कारखान्यांत, सहकारी संस्थांत, इस्पितळांत आजही सर्रास दिसते.

तर शिकायचं कसं? पहिलं म्हणजे, पॅकेट डोळ्यांनी बघायचं. टीसीपीडम्प १९८८ पासून आहे, बर्कलेच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. जेराल्ड कोम्ब्स यांचं इथिरियल १९९८ चं, २००६ पासून वायरशार्क नावानं. दोन्ही फुकट आहेत. आपल्याच लॅपटॉपवर पकड चालू करायची, एक संकेतस्थळ उघडायचं, बंद करायचं, आणि त्या वीस सेकंदांतलं प्रत्येक पॅकेट समजेपर्यंत पुढं जायचं नाही. ह्याला आठवडा लागतो. लागू द्यावा. पोर्ट तपासणारं एनमॅप १९९७ पासून सगळ्यांच्या हातात आहे. पण ते चालवताना दुसऱ्या खिडकीत वायरशार्क चालू ठेवलं तरच कळतं की ‘बंद’ आणि ‘गाळलेलं’ पोर्ट यांत फरक का: पहिलं आरएसटी पाठवून नकार देतं, दुसरं मौन पाळतं. माझ्या मते हत्यार कमी आणि हत्यारानं तारेवर काय टाकलं हे जास्त शिकावं.

दुसरं, आरएफसी, म्हणजे प्रोटोकॉलचे मूळ दस्तऐवज, वाचायचे. इंग्रजीची भीती असलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी मुद्दाम हे सांगतो, कारण त्यांतलं इंग्रजी पाठ्यपुस्तकांपेक्षा साधं असतं. वाक्यं छोटी, अलंकार नाहीत. १९८२ चं एआरपीचं दस्तऐवज एका संध्याकाळी वाचून होतं. आरएफसींमधले ‘हे केलंच पाहिजे’ आणि ‘हे करावं’ असे दोन वेगळे शब्द नंतर १९९७ च्या आरएफसी २११९ नं पक्के केले. ‘करावं’ जिथं लिहिलंय तिथं पेन्सिलनं खूण करून ठेवा. कुणीतरी ते केलेलं नसणार. त्याच्या जोडीला डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांचं ‘टीसीपी-आयपी इलस्ट्रेटेड’, १९९४ चा पहिला खंड. तीस वर्षं जुना असूनही प्रत्येक दावा पॅकेट दाखवून सिद्ध करण्याची त्याची रीत कुणी अजून ओलांडलेली नाही. नेटवर्कच्या ओएसआय नमुन्याचे सात थर परीक्षेपुरते पाठ करावेत, पण खरी रहदारी त्या थरांत नीट बसत नाही ह्याचा त्रास करून घेऊ नये. प्रमाणपत्रं मुलाखतीचं दार उघडतात, घरच्यांनाही धीर येतो. त्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त ती आधी आणि पॅकेट नंतर, असा क्रम झाला की दोन-तीन वर्षांनी माणूस अडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि सगळं आपल्या स्वतःच्या यंत्रांवर. जुना लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन-तीन आभासी यंत्रं, बाहेरच्या जगाशी न जोडलेलं नेटवर्क, एवढ्यात वरचं जवळपास सगळं करून बघता येतं. शेजाऱ्याच्या वायफायवर किंवा कॉलेजच्या सर्व्हरवर ‘नुसतं बघू’ म्हणून काही करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ परवानगीशिवायच्या शिरकावाला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतात, आणि ‘मी शिकत होतो’ हा बचाव त्यात लिहिलेला नाही.

नोकरीत पहिली खुर्ची बहुधा पहाऱ्याची मिळते, रात्रपाळीची, नोंदींच्या न संपणाऱ्या ओळींसमोर. इथं एक प्रोटोकॉल उपयोगी पडतो ज्याच्याकडे शिकताना कुणी ढुंकून बघत नाही: एनटीपी, घड्याळं जुळवणारा. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घटना सहा तासांत कळवा आणि नोंदी १८० दिवस ठेवा हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, हेही त्यात होतं. फायरवॉल जागतिक वेळेत लिहितेय, सर्व्हर भारतीय वेळेत, आणि तिसरं यंत्र अकरा मिनिटं मागं, अशा तीन नोंदी एकत्र लावून कोण आधी आलं ते ठरवायला बसलं की साडेपाच तासांचा फरक माणसाची रात्र खातो.

पुढं हे काम अवघड होणार आहे. एचटीटीपी-३ आता टीसीपीवर नाही, क्विक ह्या नव्या प्रोटोकॉलवर चालतं, आणि त्यातलं जवळपास सगळं झाकलेलं असतं. डीएनएसचे प्रश्नही एचटीटीपीएसच्या पोटातून जाऊ लागले. नागरिक म्हणून मला हे हवंच आहे. पहारेकरी म्हणून माझ्या हातात उरतात ते पॅकेटचे आकार, वेळा आणि दिशा. दर साठ सेकंदांनी, रात्री तीन वाजताही, एकाच पत्त्याला सारख्याच मापाचं काहीतरी पाठवणारा हिशेबनिसाचा संगणक आत काय बोलतोय ते दिसत नाही, पण तो माणूस नाही हे कळतं. असं ओळखायला नेहमीची रहदारी कशी दिसते ते महिनोन् महिने पाहिलेलं असावं लागतं.

कॉसमॉसच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर २०१८ ला, अमेरिकी सरकारच्या यंत्रणांनी आशिया आणि आफ्रिकेतल्या बँकांवर ह्याच पद्धतीनं झालेल्या एटीएम-चोऱ्यांबद्दल इशारा काढला. स्विचवर बसून खोटे होकार देण्याची रीत त्यात उलगडून सांगितली होती. बँकांनी काय करावं ह्याच्या सूचनांत एक अशी: होकाराच्या उत्तरावर गुप्त किल्लीनं काढलेली पडताळणीची खूण सक्तीची करा, आणि ती तपासा. आयएसओ ८५८३ च्या साच्यात ह्या खुणेसाठी खाना मुळापासून होता, क्रमांक ६४.